दिवाणखान्यातलं भट्टीचं दार

आप्पा, तुम्हाला काही सांगायचं तर मोठ्यानं सांगावं लागायचं. साखर कारखान्याच्या बॉयलरवर फायरमन म्हणून तुमची उमेदीची वर्षं गेली आणि त्या वाफेच्या फुत्कारांनी तुमचे कान नेले. कामगारांच्या लायनीतल्या आपल्या खोलीपुढं, लिंबाखाली बाज टाकून तुम्ही उताणे पडायचात आणि मी उशाशी बसून वर्तमानपत्र वाचायचे. वर्तमानपत्र कालचं, कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या हातातून फिरून आलेलं, चहाचे डाग पडलेलं. मी दोन ओळी वाचते न वाचते तोच तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, "आगं, मनातल्या मनात का वाचतीस? मला काय मनातलं ऐकू येतंय व्हय?" मग मी ओरडून वाचायचे. अग्रलेखसुद्धा ओरडून. शेजारच्या खोल्यांतली माणसं आपापल्या दारात येऊन बसायची आणि एखादा शब्द कळला नाही की तिथूनच विचारायची, म्हणजे मला तो समजून घेऊन पुन्हा ओरडावं लागायचं. आता लोक विचारतात, बाई, लाईट गेली, माईक बंद पडला तरी तुमचा आवाज मैदानाच्या टोकाला कसा पोचतो, कुणाकडं शिकलात? मी हसते आणि विषय बदलते. व्यासपीठावर मला कशाचीच लाज वाटत नाही, पण लिंबाखालची ती बाज मला तिथं न्यावीशी वाटत नाही.

तेव्हा सभा संपायची. शाल द्यायचे, नारळ द्यायचे, कुणीतरी स्टँडवर सोडायचं. तिसगावात बोलले असले तर श्रीरामपूरला यायला दोन गाड्या बदलाव्या लागायच्या. ज्या आवाजानं संध्याकाळी हजार माणसांना खाली बसवलेलं असायचं, त्या आवाजाला घराचं कुलूप उघडल्यावर काही काम नसायचं. मी शाल खुर्चीवर टाकायचे. त्या खुर्चीवर आधीच्या शाली असायच्या. कशी झाली सभा, असं विचारणारं कुणी नसायचं आणि मी लग्न केलं नाही याचं दुःख मला त्या वेळी व्हायचं नाही; दुःख व्हायचं ते आई तिकडं सोनईत एकटी आणि मी इकडं एकटी, या वेडेपणाचं. घर मी बांधलं ते तिच्यासाठी होतं. तुम्ही गेलात तशी लायनीतली खोली सोडावी लागली, आई सोनईच्या वस्तीत एका खोलीत राहायला गेली, लोकांचे कांदे खुरपून तिनं मला शिकवलं. मी कॉलेजात इतिहास शिकवायला लागले, तेव्हापासून डोक्यात एकच होतं: माझ्या छपराखाली ती यावी. पुढं दिवाणखाना, मागं तिच्यासाठी एक खोली आणि स्वयंपाकघर. एवढंच घर, पण ते तिचं.

गिलावा चालू होता त्याच सुमारास कारखान्यानं जुनं बॉयलर हाऊस पाडलं. नवा बॉयलर येणार होता, मोठ्या दाबाचा, बटणांवर चालणारा. जुनं लोखंड लिलावात गेलं आणि स्टेशनच्या मागं एका भंगाराच्या वखारीत येऊन पडलं. मी तिथं खिडक्यांसाठी जाळ्या बघायला गेले होते. पाहते तर वाफेचे पाईप, व्हॉल्व्हची लाल चाकं, काच तडकलेली प्रेशरची घड्याळं, मिलचे दातेरी गिअर, सगळं उन्हात पसरलेलं. जणू कुणीतरी कारखान्याला उताणं पाडून त्याचं पोट फाडलं होतं. मी जाळ्या विसरले. तुम्हाला माहीत नाही, पण रद्दीच्या दुकानातून परदेशी मासिकं आणायची मला खोड आहे. त्यातल्या एका मासिकात एका घराचे फोटो होते. कुण्या हौशी माणसानं बंद पडलेल्या कापडगिरणीत संसार मांडला होता. पाईप लपवायचे तर त्यानं ते मिरवले होते. पाईपांचे दिवे, तांब्याच्या पत्र्याची टेबलं, भिंतीवर काटेवाली घड्याळं आणि मध्ये एक भलं मोठं चाक. गेल्या शतकातला एखादा इंजिन ड्रायव्हर वाफेवर उडणारं विमान बांधायला बसला असावा, असं ते घर. तसल्या वाफेच्या विमानांच्या गोष्टीही मी वाचल्या आहेत. मला त्या माणसाचा हेवा वाटला आणि रागही आला. त्याला ते गंमत म्हणून हवं होतं. मला वाटलं, राजांच्या तलवारी काचेच्या पेटीत राहतात, सरदारांच्या पगड्यांना राखणदार असतात, आणि ज्यांनी या जिल्ह्याची साखर शिजवली त्यांचं लोखंड वखारीत गंजतं. एक घर तरी असं असावं जिथं ते भिंतीवर चढेल. मी हे भाषणातही म्हटलं आहे. टाळ्या पडतात.

ओळखीच्या वेल्डरचाचांना मी सगळं कागदावर काढून दाखवलं. ते गॉगल कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ताई, दुनिया घरचं लोखंड भंगारात देते. तुम्ही भंगारातलं घरी आणताय. कॉलेजात सगळं ठीक चाललंय ना?" पण काम त्यांनी मन लावून केलं. पुस्तकांसाठी पाईपांची मांडणी झाली, कोपऱ्याकोपऱ्याला व्हॉल्व्हचं चाक. प्रेशरच्या घड्याळांत बारीक दिवे बसले. दारासमोरच्या भिंतीवर मिलचा एक गिअर बोल्टांनी जखडला, दोन हात रुंद. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे भट्टीचं दार. बिडाचं, जड, मध्ये डोळा लावून आत बघायचं भोक. बॉयलरच्या भट्टीचं हे दार उघडून तुम्ही लांब सळईनं आतली राख ओढायचात, जाळ सारखा करायचात, आणि तुमच्या भुवया कायम अर्ध्याच असायच्या. ते दार मी भिंतीतल्या कपाटाला बसवलं आणि आत एक लाल बल्ब लावला. दिवा लावला की भोकातून आणि कडांच्या फटीतून तांबडा उजेड फरशीवर पडे. रॉकेलनं पुसून पुसून मी ते लोखंड असं काळंभोर केलं की त्यात माझा हात दिसायचा.

लोक बघायला यायचे. पण काय बघायचे, ऐका. चळवळीतले एक वयस्कर काका पहिल्यांदा आले, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, भिंतीवरचा गिअर पाहिला आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटून उभे राहिले. बौद्धाच्या घरात भिंतीवर चाक म्हणजे धम्मचक्रच, त्यांचं तरी काय चुकलं? मी म्हणाले, "काका, तो मिलचा गिअर आहे. याला आठ आरे नाहीत, सहाच आहेत." ते डोळे न उघडता म्हणाले, "असू दे ताई. दोन मनातले धरतो." त्यांच्यामागून आलेल्या सगळ्यांनी हात जोडले. दसऱ्याला मी सभेला गेलेली. शेजारच्या काकूंकडं किल्ली होती. आले तर गिअरला झेंडूची माळ, प्रेशरच्या घड्याळांना हळदीकुंकू. "यंत्रं अशी कोरी ठेवू नयेत गं आजच्या दिवशी," काकू म्हणाल्या, "तुझ्या लक्षात नाही राहिलं वाटतं." मूर्तिपूजेविरुद्ध मी जिल्हाभर बोलते आणि माझ्याच भिंतीची दोन धर्मांनी पूजा चालवली होती. मला तुमची आठवण झाली. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा दिवस आठवला. गळीत हंगाम सुरू होण्याआधी चेअरमन सपत्नीक येऊन बॉयलरची पूजा करायचे, नारळ फुटायचा, मग पेटता बोळा भट्टीत जायचा. त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. सगळे हात जोडून उभे आहेत म्हणून मीही जोडलेले. तुम्ही खाकी कपड्यांत मागं उभे आहात. वाकून माझे हात खाली करता आणि कानाशी म्हणता, "त्याला नमस्कार नको करू. त्याला पानी लागतं, नमस्कार न्हाई." आयुष्यात तुम्ही मला तेवढंच रागावलात. माझ्या सगळ्या बोलण्याचा पाया ते एक वाक्य आहे, पण हारात बुडालेल्या त्या गिअरखाली उभं राहून ते सांगू कुणाला? एवढी माणसं येऊन गेली, एकानंही विचारलं नाही की तुझा बाप कुठं उभा राहायचा.

मग आई आली. मी तिला स्टँडवरून रिक्षानं आणलं. तिनं सोनईची खोली कुलूप लावून सोडली होती, दोन लुगडी, पोत्यात थोडी बाजरी, म्हणजे राहायच्या तयारीनं आली होती. उंबऱ्यात तिनं चौकटीला हात धरला आणि घर पाहिलं. "हे काय मांडलंस गं?" मी प्रदर्शन दाखवावं तसं एकेक दाखवत गेले. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, थांब, खरं ते पुढंच आहे, आणि बटण दाबलं. दाराच्या भोकातून तांबडा उजेड तिच्या पायांवर आला.

तिनं तोंड फिरवलं. "इझव ते."

"आई, बल्ब आहे तो."

"कळतंय मला बल्ब हाय. इझव म्हन्ते ना."

मी विझवला. ती दिवाणखाना ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली, पिशवी मांडीवर. चहा केला तो तसाच राहिला. मग मी बोलायला लागले, आप्पा. मला दुसरं काय येतं? कष्टाचा इतिहास, लोखंडाला चिकटलेला घाम, आपण आपल्या माणसांच्या खुणा जपल्या नाहीत तर कोण जपणार, सगळं. स्वयंपाकघर दणाणलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"लई झ्याक बोलतीस," ती म्हणाली. "सभेला बरं हाय हे. आता सोनईची यष्टी कितीला हाय ते सांग."

"अगं, तू राहायला आलीस ना?"

"आले हुते." तिनं मांडीवरच्या पिशवीचं तोंड आवळलं. मग म्हणाली, "तू शाळंतून यायचीस तवा चूल थंडगार असायची. का ते कदी इचारलंस?"

"आप्पांना गार भाकरी आवडायची म्हणून."

"कुनाला आवडती गं गार भाकरी? आक्खी पाळी त्या दारातून जाळ बघायचे ते. घरी आल्यावर चुलीतला इंगळ बी सोसायचा न्हाई त्यांला. मान फिरवून बसायचे, बोलायचे न्हाईत. मग भोंगा व्हायच्या आदी मी सैपाक उरकून घ्यायची, चुलीवर पानी मारायची, वरून राख सारखी करायची. कंदील बी आडोशाला ठिवायची. मला तेवडंच करता येत हुतं, तेवडं केलं. ते दार उंबऱ्याच्या आत कदी येऊ दिलं न्हाई मी. आन तू त्याला बिजागरी लावून आनलंस."

मी तिला स्टँडवर सोडलं. बाजरीचं पोतंही तिनं परत नेलं. गाडीत बसताना म्हणाली, "ते दार हाय तवर मी यायची न्हाई. राग न्हाई माजा." मी म्हटलं, दार जाणार नाही. तिलाही माहीत होतं मी कुणाची मुलगी आहे, मलाही माहीत होतं.

तुमची गार भाकरी मी जिल्हाभर वापरली आहे, आप्पा. माझा बाप जन्मभर गार भाकरी खाऊन तुमचा चहा गोड करत राहिला, असं मी म्हणायचे आणि तिथं हमखास थांबायचे, कारण तिथं टाळ्या येतात. आई सोनईला परत गेल्यानंतरच्या पहिल्याच सभेत, तिसगावच्या बाजारतळावर, ते वाक्य अर्ध्यात आलं आणि पुढं जाईना. मला दिसत होती आई, चुलीवर तांब्यानं पाणी मारणारी, आणि वर उठणारी वाफ. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. एवढ्या टाळ्या मला त्या वाक्यावर कधी मिळाल्या नव्हत्या. व्यासपीठावरून उतरताना एक बाई माझा हात हातात घेऊन रडली. 

दोन वर्षं अशी गेली. महिन्यातून एकदा मी सोनईला जायचे. आई बोलायची, मीही बोलायचे, कांद्याच्या भावापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत. दाराचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. परत आले की मी दिवाणखान्यात बसायचे, समोर ते दार. कधी बल्ब लावायचे. पुढंपुढं तो लावला की माझीच मान वळायला लागली, पण मी माघार घेतली नाही. माझा असा समज होता की मी तुमच्या बाजूनं भांडते आहे. आई तुम्हाला विसरायला निघाली आहे आणि मी एकटी तुमची चौकी राखते आहे, असं मला वाटायचं आणि त्यात मला एक प्रकारचं सुखही होतं. एकट्या माणसाला असल्या सुखाची चटक फार लवकर लागते.

मग एकदा मी न कळवता गेले. उन्हाची वेळ. आई हापशावरून पाणी घेऊन येत होती. खोलीला दोन पायऱ्या आहेत. तिनं कळशी आधी वरच्या पायरीवर सरकवली, मग स्वतः पाठमोरी पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी अंग उचलून वर सरकली, लहान मूल चढतं तशी. पुन्हा कळशी, पुन्हा ती. मी बाभळीच्या आडून पाहत होते. वर पोचल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "उनात का हुबी हायेस? ये की." मी कळशी उचलून आत नेऊन ठेवली. श्रीरामपूरला उतरले ती सरळ वेल्डरचाचांकडं गेले.

चाचा म्हणाले, "बसवताना तुम्हीच म्हणाला होता, घर पडलं तरी दार पडू नये असं बसवा. आता काढा म्हणता." काढायला बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. निम्मी भिंत सोबत आली. चौघांनी ते टेम्पोत चढवलं आणि परत वखारीत नेलं. मी सोनईला जाऊन आईला म्हणाले, "काढलं." ती म्हणाली, "माळ्यावर ठिवलंस व्हय?" मी म्हणाले, "देऊन टाकलं." तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं, खरं बोलते का ते बघावं तसं, आणि उठून लुगड्यांची घडी घालायला लागली. वाटेत गाडीत माझ्या खांद्याला डोकं लावून झोपली.

ती आता इथंच आहे. पाईपांवर तिची लुगडी वाळतात आणि पुस्तकांना ओल लागते, पण कुणी काही बोलायचं नाही. गिअरच्या एका दात्याला तिनं पिठाची चाळण अडकवली आहे. चाळण टांगलेल्या चाकाला कुणी हात जोडत नाही, ते काकाही आता सरळ आत येऊन चहा मागतात. सभेहून आले की ती विचारते, "किती बोंबललीस आज?" मला घर मिळालं, असं म्हणायला हरकत नाही. भिंतीतलं ते भगदाड चाचांनी बुजवून दिलं. नवा गिलावा जुन्यापेक्षा पांढरा आहे, माणसाच्या छातीएवढा चौकोन, आणि बोलता बोलता मी त्याच्याकडं बघते. आईसमोर त्याबद्दल बोलायची सोय नाही. तिनं तुम्हाला जसं सांभाळलं, तसे तुम्ही माझ्या भाषणात कधीच आला नव्हता. मी व्यासपीठावर जे आप्पा उभे केले होते, ते तिच्या घरात शिरू शकत नाहीत. आम्ही दोघी तुमच्याविषयी गप्प बसतो, ती तिच्या परीनं आणि मी माझ्या परीनं, आणि कधी कधी वाटतं की दार समोर होतं तेव्हा निदान भांडायला तरी कुणी होतं.

हे कागद मी लिहून झाले की फाडणार आहे. आईला वाचता येत नाही, पण शेजारच्या काकूंना येतं आणि किल्ली अजून त्यांच्याकडं आहे.

परवा लसूण सोलता सोलता आईनं विचारलं, "ते दार त्यांच्याच हाताखालचं हुतं का गं?" मी हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या वखारीत भिंतीला टेकून चार-पाच दारं उभी होती, आप्पा, ओळीनं सगळ्या बॉयलरांची. प्रत्येकावर खडूनं नंबर टाकलेला होता. मालकानं विचारलं, कितव्या बॉयलरचं बघताय, मॅडम? तुमचा बॉयलर कितवा, हे मला माहीत नव्हतं. सोनईला जाऊन आईला विचारता आलं असतं, तिनं झोपेतही सांगितलं असतं. मी म्हणाले, कुठलंही द्या. मग ती सगळी दारं एकेक करून उघडून पाहिली आणि दिसायला जे सर्वांत चांगलं होतं, ते घेतलं.